काट्यावरचा संगणक

त्या संगणकावरचा माझा राग अजून गेलेला नाही. भरदुपारी, काट्यावर हळदीनं भरलेली ट्रॉली उभी असताना, तुला अंघोळ करून नवे कपडे घालायची हौस यावीच का? कुणी सांगितलं होतं तुला?

शिरड शहापूरच्या अलीकडे रस्त्याला लागून एका हळद व्यापाऱ्याचं गोदाम होतं आणि गोदामासमोर त्याचाच वजनकाटा. काट्याच्या केबिनमध्ये मी बसायचो. काम सोपं. भरलेली ट्रॉली काट्यावर चढली की वजन संगणकात घ्यायचं, गाडीचा नंबर टाकायचा आणि सेव्ह करायचं. ट्रॉली मागं गोदामात जाऊन रिकामी होऊन यायची, तिचं पुन्हा वजन घ्यायचं. दोन्हींतला फरक म्हणजे हळद. पावती निघायची ती शेवटी, एकदाच.

आमच्याकडे 'काटा मारला' हे शिवीपेक्षा वाईट. मी तिथं काही हंगाम काढले, पण माझ्याबद्दल हे शब्द कुणी तोंडातून काढले नव्हते. मिरवावं असं माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. पण एवढं होतं, आणि त्याचा मला माज होता म्हटलं तरी चालेल.

त्या दिवशी जवळच्या तांड्यावरची एक मावशी आली. शेत तिचं, हळद तिची, ट्रॅक्टर तेवढा भाड्याचा. ती हळदीच्या ढिगावरच बसली होती, वजनाच्या बोर्डाकडे पाठ करून. ट्रॅक्टर काट्यावर चढला. बोर्डावर लाल आकडे थांबले, सात हजार दोनशे साठ. मी वजन घेतलं आणि नंबर टाइप करायला लागलो. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला होता म्हणून ड्रायव्हरनं ट्रॅक्टर पुढं काढला. नेहमी असंच चालायचं. आणि माझा नंबर टाकून व्हायच्या आत पडदा निळा झाला. 'अपडेट सुरू आहे. संगणक बंद करू नका.' बंद करू नका, हे तो मला सांगत होता. स्वतः बंद पडून.

मी उठून गोदामाकडे धावलो. तोवर ट्रॉली रिकामी झाली होती आणि तिची हळद आधीच्या ढिगात मिसळली होती. आता ती वेगळी काढायची म्हणजे दुधात सांडलेलं पाणी वेचायचं.

संगणक सावकाश शुद्धीवर आला. अगदी ताजातवाना, लख्ख. बाकी सगळी वजनं जागच्या जागी होती, मावशीचं तेवढं नव्हतं. काट्यावरचा कॅमेराही त्याच संगणकावर चालायचा, तोही तेवढ्या वेळापुरता आंधळा. मालक आले. मी त्यांना सांगितलं, "आकडा मी पाहिलाय. सात हजार दोनशे साठ. रिकामी गाडी चार हजार भरली. बत्तीस क्विंटलच्या वर हळद आहे."

"संगणकात दाखव," मालक म्हणाले.

"संगणकात नाही. पण माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

"तुझ्या डोळ्याची पावती निघती का?" मग मावशीकडे वळून एकदम मऊ आवाजात म्हणाले, "माझ्या माणसाकडून चुकीचं बटन दाबलं गेलं बाई. ढिगाच्या अंदाजानं तीस धरू. तुमचं बी नुकसान नको अन् माझं बी."

मी म्हणालो, बटन मी दाबलं नाही. कुणी ऐकत होतं का? मागं गाड्यांची रांग, जो तो हॉर्न वाजवतोय. ड्रायव्हरला विचारलं, तर तो म्हणाला, "म्या बोर्डाकडं पाह्यलं न्हाई दादा, म्या मागं पाहून ऱ्हायलो व्हतो." मावशीनं डोक्यावरची हळदीची धूळ झटकली आणि माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "आता वजन खायला बटन निघालं व्हय."

मालकाला नाही, मला म्हणाली. माझ्या डोक्यात तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही. तिच्यावर नव्हे. तिच्या जागी मी असतो तर दोन शब्द जास्तच बोललो असतो. राग त्या निळ्या पडद्याचा. आणि त्याच्या आडून दोन क्विंटल हळद गिळून वर माझ्या माथी खापर फोडणाऱ्या माणसाचा.

दुसऱ्या दिवसापासून मी त्या संगणकाच्या मागं हात धुऊन लागलो. त्यानं विचारलं, तुमचे कामाचे तास कोणते? वा रे साहेब. हंगामात काटा दिवसरात्र चालतो, आणि हे महाराज अठरा तासांच्या वर काम असतं हे मानायलाच तयार नाहीत. उरलेल्या तासांत आम्ही झोपलेलो असतो, असं परस्पर ठरवून मोकळे. अपडेटची सेवा बंद केली, तर ती एक-दोन दिवसांत आपोआप चालू झालेली. हाकललेलं मांजर मागच्या दारानं घरात यावं तसं. चिडून नेटची वायरच उपटली, तर मालकांचा फोन, "मोबाइलवर कॅमेरा दिसून न्हाई राहिला." त्यांना घरबसल्या काटा बघायचा असायचा.

शेवटी वायर जोडली, पण नेट मोजून-मापून वापरायचं आहे असं संगणकाला सांगून ठेवलं, म्हणजे तो मोठं काही उतरवून घेत नाही. अपडेट पुढं ढकलून ठेवायची सोय होती, ती वापरली. आणि गोदाम बंद असेल त्या दिवशी मी स्वतः जायचो, साचलेलं सगळं उतरवू द्यायचो आणि माझ्या हातानं त्याला बंद-चालू करायचो. त्यानंतर हंगामभर संगणक काट्यावर एकदाही आडवा झाला नाही. मावशी पुन्हा यावी आणि तिनं हे बघावं, असं मला फार वाटायचं. ती आली नाही. तिनं हळद दुसरीकडे घातली असणार. बरोबरच केलं तिनं.

हंगाम सरत आला तेव्हा एका दुपारी मालक केबिनमध्ये आले. खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले, चहा मागवला. एवढी माया मी कधी बघितली नव्हती.

"तू ते बंद पडायचं थांबवलं म्हण की."

"हो मालक."

"थांबवता येतंय म्हंजे करता बी येत असंल."

"काय करता येत असेल?"

"तेच. मधीच बंद पडायचं. आपण म्हणू तवा." ते चहाचा घोट घेऊन म्हणाले, "रोज न्हाई रे. कवामवा. एखादी मोठी ट्रॉली असली म्हंजे."

येत नाही म्हणालो असतो तर नोकरी राहिली असती. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. "येतं," मी म्हणालो, "आणि मी करणार नाही." केबिनची चावी त्यांच्या कपाशेजारी आपटली आणि निघून आलो.

आता मी हट्ट्याला एका खताच्या दुकानात असतो. परवा तोच भाड्याच्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर पोती न्यायला आला. म्हणाला, तिकडं काट्यावर लई तकलीफ हाय, भरलेली गाडी चढली की संगणक बंद पडून राहिलाय. मी त्याला बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. मालक काय बोलले, मी काय बोललो, नोकरी का सोडली. त्यानं मन लावून ऐकलं. मग उठून पोतं खांद्यावर घेतलं.

"व्हय," तो म्हणाला, "पण पहिल्यांदा बंद पडला तवा तुमीच व्हता ना खुर्चीवर."