तीन आठवडे मी "केला" म्हणत राहिलो

मित्रांनो, इथे मस्कतमध्ये शिडीवरून पडून माझा गुडघा गेला, ऑपरेशन झालं, तेव्हा फिजिओथेरपीचं हे चांगलं सेंटर तुम्हीच ग्रुपवर विचारून विचारून शोधून दिलंत. म्हणून आज जे घडलं ते तुम्हालाच सांगतोय. सांगताना लाज वाटते.

तिथल्या जेसी मॅडम मला खोलीवर रोज करायचा व्यायाम देतात. तीन आठवडे मी "केला" म्हणत होतो. करत नव्हतो. बेलापूरहून बायको फोनवर विचारायची, तिलाही तेच सांगायचो.

आज मोठ्या डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला. जेमतेम वाकला. ते माझ्यासमोरच मॅडमवर चिडले. त्या मान खाली घालून म्हणाल्या, "सर, व्यायाम ठरवण्यात माझंच चुकलं असेल. पेशंट तर रोज करतायत."

मी गप्प बसलो. डॉक्टर दारापर्यंत जाईस्तोवर गप्पच बसलो. मग मात्र राहवलं नाही. हाक मारून थांबवलं आणि दोघांनाही खरं सांगितलं.

मॅडम रागावल्या नाहीत. "दुखतं म्हणून?" एवढंच विचारलं.

"भीती वाटते. पुन्हा तुटला तर?"

"मग हे पहिल्याच दिवशी सांगायचं ना!" म्हणाल्या, आणि माझा पाय हातात घेऊन पहिल्यापासून सुरुवात केली.

खोलीवर आल्यावर बायकोलाही सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलंच हुतं. तुमी कधी दमल्यावानी बोललाच न्हाई."

आपल्या खोट्यापायी दुसऱ्याला बोलणी खाताना तुमच्यापैकी कुणी पाहिलंय का? तेव्हा तुम्ही किती वेळ गप्प बसलात?