शेतात राहिलेला जीव

माझ्या बाबांनी, थोंगदाम यांनी, मुकदाहानच्या बाजारातून एकतीस वर्षं दोन बाकांची प्रवासी गाडी चालवली. कुठल्या म्हातारीला कुठल्या फणसाखाली उतरायचं असतं, हे त्यांना तोंडपाठ. पण गेल्या मार्चपासून त्यांनी गाडीला हात लावला नव्हता.

कारण साधं. आमच्याकडे गाड्या डावीकडून चालतात, नदीपलीकडे लाओसमध्ये उजवीकडून. तिकडे राहणाऱ्या आत्याकडून परतताना बाबा पेट्रोल भरून निघाले, ते सवयीने डावीकडेच. समोरून ट्रक आला. बाबांनी गाडी थेट शेतात घातली. शेजारी मी होते. दोघांनाही साधं खरचटलंसुद्धा नाही. आमच्या गावातल्या निम्म्या ड्रायव्हरांनी ही चूक एकदा तरी केलीय आणि नंतर तिखटमीठ लावून सांगितलीय. बाबा मात्र घरात बसले. जेवण दोन घास, बोलणं त्याहून कमी.

शेवटी बुआवान आत्याने फोनवर फर्मान काढलं, "घाबरून त्याचा जीव त्या शेतातच राहिलाय. घेऊन ये तुझ्या बापाला, फिकुन. जाळ्याने काढू."

मी दवाखान्यात औषधं देते. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण गोळ्यांनीही काही होत नव्हतं. नोव्हेंबरात सुट्टी काढली, बाबांना शेजारी बसवलं आणि पूल ओलांडला.

"उजवीकडे हो," बाबा म्हणाले.

"झालेय."

"अजून हो."

"आता काय, शेतात घालू?" मी खेकसले आणि लगेच जीभ चावली. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. आत्याचं सेनो गाव येईपर्यंत मला स्वतःचाच राग येत होता.

आत्या शेताच्या कडेला उभी होती. हातात दांड्याचं मासे धरायचं जाळं, त्यात उकडलेलं अंडं आणि चिकट भाताचा गोळा.

"आठ महिने लावलेस रे! तेवढ्यात या शेतवाल्याचं पीक उभं राहिलं," ती बाबांवर डाफरली. "आण तुझा सदरा." ज्याचा जीव, त्याच्या अंगावरचं कापड असल्याशिवाय तो जाळ्यात येत नाही.

बाबांनी पिशवीतून सदरा काढला. निळा, दवाखान्यातला. माझा.

"काय हो बाबा, माझा उचलून आणलात!"

"तुझाच आणलाय." मग ते आत्याकडे वळले. "माझा जीव आहे माझ्यापाशी. हिचा राहिलाय. त्यानंतर एकदा हिला कामावर सोडायला निघालो. शेजारी बसली ती डोळे घट्ट मिटून, पाय खाली रोवून. अख्खा रस्ता. एकतीस वर्षांत माझ्या गाडीत कुणी असं बसलं नव्हतं, ताई. मग चालवायची कशाला?"

मला वाटलं होतं, त्यांच्या लक्षात आलं नसेल.

आत्या सदरा जाळ्यात ठेवून बांधावरून चालू लागली आणि पिकलेल्या लोंब्यांवरून मासे काढावेत तसं जाळं फिरवू लागली. "ये गं फिकुन, ये. मातीत राहू नकोस, उन्हात राहू नकोस. घरी भात शिजलाय, बाप वाट बघतोय." विश्वास नसलेली मी तिथे हमसून हमसून रडले.

परत येऊन आत्याने रीतीप्रमाणे विचारलं, "आली का?"

याचं उत्तर घरच्या माणसाने द्यायचं असतं. घरात आम्ही दोघंच. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले, पण हो म्हणायचा त्यांना धीर होईना.

मी डोळे पुसले आणि गाडीत शेजारच्या सीटवर जाऊन बसले. "चालवा बाबा."

ते गाडीला वळसा घालून आले. मग स्टिअरिंगमागे बसले. आत्या जाळं पोटाशी धरून मागे चढली. गाडी रस्त्यावर आली आणि पहिल्याच वळणावर समोरून ट्रक. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण मी त्या ट्रककडे बघत राहिले, तो बाजूने निघून जाईपर्यंत.

"अरे, आली का?" मागून आत्या ओरडली.

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"आली," ते म्हणाले.