ओट्यावर ठेवलेलं लेकरू

गाय दारात आली तेव्हा वाटलं होतं, आता लेकीला दूध घरचंच. आम्ही गावातल्या पाच जणींनी गट करून एका कंपनीचं कर्ज उचललं होतं आणि त्यातून मी गाय घेतली. एकीचा हप्ता राहिला तर बाकीच्या चौघींनी भरायचा, असा नियम. माझे मालक नांदगाव पेठला कापडाच्या कारखान्यात जातात, त्यांच्या पगारात घर चालतं, हप्ता निघत नाही. तो गायीनेच काढायचा. म्हणून दूध सगळं डेअरीत जाऊ लागलं आणि दीड वर्षाच्या माझ्या परीच्या वाटीत तांदळाची पेज उरली. जुलाब झाले, थांबले, पण पोरीने अंग धरलं नाही. अंगणवाडीच्या ताईंनी तिच्या दंडाला पट्टी लावली. पट्टी लाल रंगावर थांबली, म्हणजे लेकरू फार कुपोषित. "अमरावतीले भरती करा लागते, आजच," ताई म्हणाल्या.

मी हो म्हणाले आणि गेले नाही. दवाखान्यात राहिले तर गाय कोण पाहील, हप्त्याच्या दिवशी त्या चौघींना काय तोंड दाखवू, याचीच धास्ती. आमच्या घरी महानुभाव पंथ. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून परीला खांद्यावर घेतलं आणि एस.टी.ने पंथाचं तीर्थ रिद्धपूर गाठलं. देवाचे चरण लागलेल्या ज्या ओट्यावर आम्ही माथा टेकतो, त्यावर तिला निजवलं आणि म्हटलं, देवा, तूच बरी कर, मला दवाखान्यात जाणं जमत नाही. आता कळतं. मी देवाला साकडंही घालत होते आणि त्याने काय करायचं नाही तेही सांगत होते.

उचलायला गेले तर परीची मान कलली. डोळे अर्धे उघडे, पण ती माझ्याकडे पाहत नव्हती. मी तिथेच खाली बसले. शेजारी एक बाई दंडवत घालून उठत होती. साठीची असेल, अकोल्याहून भावाच्या जीपने दर्शनाला आलेली. तिने परीच्या गालाला हात लावला.

"पोरी, लेकरू मान धरून नाई राहिलं. बसली काहून? चाल!"

"मावशी, मले जाता येत नाई..." मी म्हणाले.

"मंग कोनाले येते?" एवढंच बोलून तिने परीला उचललं. भाऊ म्हणाला, आपलं दर्शन व्हायचं आहे. ती म्हणाली, "अगुदर लेकरू. देव काई पळून नाई जात."

जीपमध्ये वाटभर ती बाटलीतलं साखरपाणी बोटाने परीच्या ओठांना लावत होती. मी नुसती श्वास मोजल्यासारखी पोरीची छाती पाहत बसले. अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी परीला हातातून घेतलं, सलाईन लागलं. मी वळून पाहिलं तेव्हा मावशी निघून गेली होती. नाव विचारायचं राहूनच गेलं.

पोरगी डोळे उघडू लागली तशी दुसरी भीती जागी झाली. हप्त्याच्या दिवशी मी विमलबाईंना फोन लावला. त्या गटाच्या अध्यक्ष, बोलायला तिखट. त्यांचा मला धाकच. "विमलबाई, हप्ता..." म्हणते तोच त्या कडाडल्या, "हप्ता गेला खड्ड्यात! पोरगी कशी हाय ते सांग." आणि मग, "आमी चौघी पाहून घेऊ. गाय माह्या कोठ्यात बांधली. तू तिथून हालू नोको." वॉर्डातल्या बायांसमोर मी पदर तोंडाला लावून रडले.

आम्ही घरी आलो तेव्हा परी माझं बोट धरून उभी राहत होती. पुढच्या बैठकीत विमलबाईंनीच सांगून टाकलं, "डेअरीच्या अगुदर लेकराचा गिलास. सगळ्याइनं." हप्त्याला पैसे कमी पडतात, म्हणून मी दुसऱ्यांच्या शेतात निंदणाला जाते. चौघींनी माझ्यासाठी भरलेलं थोडंथोडं फेडते आहे.

हे देवाने केलं का, असं कोणी विचारलं तर मी वाद घालत नाही. पोरगी जरा शिंकली तरी मी अजून तिचा दंड चाचपून पाहते. पण आता हात जोडले की मी देवाला वाट दाखवत नाही. लेकरू त्याच्यापुढे ठेवते आणि तो ज्याला पाठवील त्याच्या मागे उठून चालायला लागते.