काळी छाती

नर्सिंगला अकोल्यात दुर्गाबाईनं शरीराची सारी पुस्तकी नावं पाठ केली. अनसिंगच्या दवाखान्यात मात्र ती बाजूला ठेवावी लागली. ‘प्लीहा’ म्हटलं की माणूस तोंडाकडं पाहत राहायचा. ‘पानथरी’ म्हटलं की झटकन सदरा वर करून डावी कूस दाखवायचा. बौद्धवाड्यातली पोर सुई टोचते म्हणून आधी कोणी कोणी दवाखान्याकडं पाठ फिरवली. तिनं कोणाची मनधरणी केली नाही. ताप चढला तसे आले.

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात जानराव यायचा थांबला. टीबीची सुई अर्ध्यात सोडली तर दुखणं उलटणार, अन् घरात रांगती नात. दुर्गाबाई पिशवी घेऊन थेट त्याच्या आंगणात गेली.

जानरावनं छातीच्या फोटोच्या जुनी अन् नवी अशा दोन्ही प्लेटा खाटेवर टाकल्या. “आगुदर छाती पांढरी होती. तुह्या सुयांनी काळी केली वं. आखीन टोचशीन तं कोळसा होईन.”

“पन खोकला तं गेला ना तुमचा,” त्याची बायको भागिरथा म्हणाली.

“तू चूप ऱ्हाय.”

दुर्गाबाईनं नवी प्लेट उन्हाकडं धरली अन् घराच्या एका उघड्या दाराकडं बोट केलं. “जानरावभाऊ, ह्या खोलीत काय दिसते?”

“काय दिसन? रिकामी हाय. अंधार.”

“अन् त्या खोलीत?”

“कापूस भरला हाय, पांढरं दिसते. मी आंधळा हावो का?”

“फुप्फुस हवेची खोली हाय. रिकामं तं काळं दिसते. तुमच्यात रोगाचं गाठोडं भरलं होतं, थे निघून राह्यलं.”

जानरावनं प्लेट हातात घेतली, उलटी धरली. तिनं सुलटी केली.

“मंग ह्या फासोळ्या काहून पांढऱ्या?”

“त्या भिंती हायेत. भिंती काढून खोली ऱ्हाते का?”

त्यानं प्लेट पुन्हा उन्हाकडं धरली. मग वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. “इथं आखीन हाय थोडं पांढरं.”

“म्हून तं आली मी.”

जानराव खाटेवर पालथा झाला. “हळू टोचजो.”

“हे रोज तं मले सांगत होते,” भागिरथा म्हणाली, “सुई समजत बी नाही म्हून.”

दुर्गाबाईनं स्पिरिटचा बोळा घासला. “भाऊ, ढिलं सोडा आंग. अन् उद्या तुमीच या दवाखान्यात. मी रोज येनार नाही.”

“येतो,” उशीत तोंड घालून जानराव म्हणाला.