रुमालाखालचा प्रिंटर

गावात एखादी गोष्ट गुपित ठेवायची तर झेरॉक्सच्या दुकानाची पायरी चढू नये. कवठे महांकाळच्या अलीकडल्या त्या वाडीत मानसिंगचं दुकान एकच, आणि आधी वाचल्याशिवाय कागद छापायचा नाही, हा मानसिंगचा धर्म. कुणाच्या रक्तात साखर निघाली, कुणाचा पोरगा गणितात नापास झाला, हे घरच्यांच्या आधी पारावर कळायचं ते त्याच्याच कृपेनं. म्हणून राणीनं ठरवलं होतं, आपला कागद घरातच छापायचा.

घरात प्रिंटर होता. तिच्या नवऱ्यानं, कृष्णातनं, हौसेनं आणलेला, काळ्या पावडरीवर चालणारा, बिनतारेचा. लोकांचे सातबारे घरबसल्या काढून द्यायचे, असा त्याचा बेत होता. दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात कृष्णात गेला आणि प्रिंटर सोप्यातल्या टेबलावर तसाच राहिला. राणीनं विणलेला क्रोशाचा रुमाल सासूनं, रंगूबाईनं, त्याच्यावर घातला. त्याच हातानं तिनं बाराव्या दिवशी राणीचं टिकल्यांचं पाकीट उचलून कपाटाच्या वरच्या फळीवर टाकलं होतं. त्यानंतर रुमालाला कुणी हात लावला नाही आणि पाकिटालाही नाही.

राणीचा कागद साधा होता. वर फोटो, खाली नाव, वय एकोणतीस, शिक्षण बी. ए., आणि मग 'पुनर्विवाहासाठी' एवढा एक शब्द. रविवारी सांगलीत वधूवर मेळावा होता. कागदाच्या पाच प्रती छापूनच आणा, असं तिथल्या बाईंनी फोनवर बजावलं होतं. रविवारी सांगलीची दुकानं बंद, आणि ओळखीचं तिथं काळं कुत्रं नाही. माहेरी आटपाडीला जाऊन येते, असं सांगून राणी निघणार होती. आजवर ती या घरात खोटं बोलली नव्हती, त्यामुळे ते वाक्य ती आठवडाभर मनात घोळवत होती.

घाई दुसऱ्याच गोष्टीची होती. भाऊकीतला कारभारी लालासाहेब, म्हणजे सासऱ्याचा चुलतभाऊ, राणीचं लग्न तिच्या दिराशी, अमृतशी लावायच्या खटपटीत होता. राणी या घरात आली तेव्हा अमृत बारावीत होता. त्याचा डबा तिनं भरला, त्याला कावीळ झाली तेव्हा उशाशी ती बसली, परीक्षेत दिवे लावले तेव्हा पाठीत धपाटाही तिनंच घातला. त्या हातानं त्याच्या गळ्यात हार घालायचा? पण एकदा भाऊकीनं सुपारी फोडली की बाईमाणसाचं 'नको' कोण ऐकतो? लालासाहेब आज-उद्या येणार, हे तिच्या कानावर आलं होतं.

शुक्रवारी दुपारी घर रिकामं झालं. सासरे नानासो मेंढरांकडे, रंगूबाई द्राक्षाच्या बागेत, अमृत गाडी घेऊन मिरजेला. राणीनं कडी लावली आणि रुमाल काढला. प्लगचं बटण दाबलं तसा प्रिंटर कण्हत उठला. त्या बटणावरचं शेवटचं बोट कृष्णातचं होतं.

फोन मात्र प्रिंटरला ओळख देईना. अमृतनं मध्यंतरी वायफाय बदललं होतं, आणि प्रिंटर अजून जुन्याच वायफायची वाट बघत होता. एका हिंदी बोलणाऱ्या माणसाचा व्हिडिओ आवाज बारीक करून तिनं तीनतीनदा पाहिला. वायफायचं बटण दाबून धरा, निळा दिवा लुकलुकला की सोडा. तिनं धरलं, सोडलं. दिवा लुकलुकला, फोनवर प्रिंटरचं नावही उमटलं. पासवर्ड वायफायच्या डब्याखाली चिकटवलेला होता, तो घातला. चुकला. पुन्हा घातला. बाहेर कोंबड्या फडफडल्या तरी ती दचकत होती. ऊन उंबऱ्यावरून सरकून भिंतीला लागलं, आणि मग कधीतरी तो निळा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला.

'हाय देवा,' म्हणून तिनं पाचचा आकडा टाकला आणि छापायचं बटण दाबलं. प्रिंटरनं घसा खाकरला. आणि लाईट गेली.

पंखा थांबला, दिवे विझले. फोनवर ओळ आली, 'प्रिंटरची प्रतीक्षा करत आहे.' राणीनं पुन्हा दाबलं. मग पुन्हा दाबलं. माणूस घाबरला की बटणच दाबत सुटतो. तेवढ्यात दारात मोटारसायकल वाजली. तिनं प्रिंटरवर रुमाल घातला, कडी काढली, आणि पदरानं तोंड पुसत बाजूला झाली.

अमृतच्या गाडीवरून लालासाहेब उतरला. मागून नानासो आले, मग डोक्यावर गवताचा भारा घेतलेली रंगूबाई आली. बघता बघता अंधारून आलं. 'राणे, च्या टाक. आन् तुजी बॅटरी लाव हितं,' असं म्हणत रंगूबाईनं तिच्या हातातला फोन घेतला, त्याचा टॉर्च लावून घेतला आणि तो प्रिंटरला टेकवून उभा केला.

चुलीपाशी चहाचं पाणी उकळू लागलं तेव्हा राणीला आठवलं, प्लगचं बटण चालूच राहिलंय. लाईट सारखी जाते म्हणून कृष्णातनंच सोय करून ठेवली होती, लाईट आली की प्रिंटरनं आपला आपण उठायचं. आणि फोनमधले कागद तर वाटच बघत होते. बटण टेबलामागं भिंतीवर, फोन टेबलावर, आणि दोन्ही लालासाहेबाच्या डोळ्यांसमोर. लाईट येऊ नये म्हणून देवाला साकडं घालणारी त्या वाडीतली ती पहिलीच बाई असेल.

चहा द्यायला गेली तेव्हा तिनं फोनला हात घातला.

'ऱ्हाऊ दे की, उजेड हाय त्येवढाच,' लालासाहेब म्हणाला.

'चार्जिंग संपंल, मामंजी.'

'संपू दे. बस तितं. तुजंच चाललंय.'

ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. लालासाहेबानं बशीत चहा ओतला. 'दादा, पोरगी गुनाची हाय. परक्याच्या दारात कशाला घालवायची? घरातली लक्ष्मी घरात ऱ्हाईल. अमृतचं आज न्हाई उद्या लगीन करायचंच हाय.'

'त्येला इचारलं का?' नानासो जमिनीकडं बघत म्हणाले.

'त्येला काय इचारायचं? मोट्यांनी ठरवायचं आसतंय.'

अमृत मान खाली घालून अंगठ्याचं नख खात होता. राणीला विचारायचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही. तिची नजर वायफायच्या डब्यावर खिळली होती. डबा काळाठिक्कर होता. असाच राहू दे, अजून थोडा वेळ.

'मग उद्या सुपारी फोडू,' लालासाहेब म्हणाला, आणि लाईट आली.

पंखा फिरला. डब्यावर एक दिवा लागला, मग दुसरा. राणी पुढं झाली, पण रंगूबाई वाटेत बसली होती. रुमालाखाली काहीतरी कण्हलं. लालासाहेबाच्या हातातली बशी हिंदकळली. रुमाल थरथरला, घसरला, आणि प्रिंटरनं पहिला कागद हळूहळू बाहेर ढकलला. आधी आला तो राणीचा चेहरा.

रंगूबाईनं कागद उचलला. तिला अक्षर येत नव्हतं, पण फोटो वाचायला शाळा लागत नाही. ती बघत राहिली. दुसरा कागद आला, तिसरा आला.

'काय हाय ते? वाच रं अमृत,' लालासाहेब ओरडला.

अमृतनं वाचलं. 'पुनर्विवाहासाठी'पाशी तो थांबला. मग त्यानं वर बघून वहिनीकडं पाहिलं, आणि त्याचे डोळे भरून आले. बुडता बुडता काठ लागावा, तसा त्याचा चेहरा झाला होता.

'सासऱ्याच्या घरात बसून दुसरा दादला हुडकतीया!' लालासाहेब उठून उभा राहिला. 'घराची आब्रू काडली. दादा, बोल की!'

रंगूबाईनं विचारलं, 'राणे, हे तू केलंस?'

'व्हय, आत्या.' तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही, म्हणून ती पुन्हा म्हणाली, 'व्हय. अमृत मला भावासारका हाय. मला न्हाई जमायचं.'

'मला का न्हाई इचारलंस?'

उत्तरही रंगूबाईनंच दिलं. 'इचारलं आसतंस तर मी न्हाईच म्हनली आसती. माजा ल्योक गेलाय, आता तूबी जानार. न इचारता केलंस ते बरं केलंस.' तिनं पदरानं डोळे कोरडे केले आणि लालासाहेबाकडं वळली. 'भावजी, माजी आय पाटाची हुती.'

पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. मेंढरांमागं हिंडायचे दिवस होते तेव्हा त्यांच्यात तो उघड लागायचा. मग स्लॅबची घरं झाली, द्राक्षं आली, आणि लेकीसुनांसमोर तो शब्द काढायची लाज वाटू लागली. राणीनं तो या घरात आज पहिल्यांदा ऐकला.

'पयला दादला सापानं मेला,' रंगूबाई म्हणाली. 'तिच्या गळ्यात कुनी दीर बांदला न्हाई. तिनं पाट केला, त्या पाटाची मी. न्हाईतर तुमच्याम्होरं च्या ठेवाय ही रंगूबाय कुटनं आली आसती?'

लालासाहेबानं बशी खाली ठेवली. 'तुमचं तुमी बगा,' असं पुटपुटत तो पायताण शोधू लागला. प्रिंटर अजून कागद काढतच होता. राणीनं दाबलं होतं तितक्या वेळा तो इमानानं छापत होता.

रंगूबाईनं सगळे कागद गोळा केले, एकावर एक ठेवले आणि राणीच्या हातात न देता घडी घालून कनवटीला लावले.

'आत्या, परवा न्यायचं हाईत ते.'

'हे न्यायचं न्हाई. ह्या फोटूत मेल्यावानी दिसतीस. मोकळं कपाळ बगून कोन पुडं यील?' ती कपाटाशी गेली, टाचा उंचावल्या, वरच्या फळीवर चाचपत राहिली. पाकिटावरची धूळ तिनं पदरानं पुसली. आतली एक टिकली काढून राणीच्या कपाळावर लावली आणि अंगठ्यानं दाबून धरली.

'टिकली काळी छापली तरी चालंल, पर दिसाय पायजे,' ती म्हणाली. मग मागं सरून बघितलं आणि लेकाला हाक मारली. 'अमृत, वैनीचा दुसरा फोटू काड. लाईट हाय तवर.'