बाकं वाजली तेव्हा

उल्हासनगरातल्या आमच्या जीन्सच्या कारखान्यात दिवसभर निळी भुकटी उडते. नखांत बसते, पापण्यांवर बसते. म्हणून असेल, पण तो दिवस मला निळसरच आठवतो, पाण्याखालून पाहिल्यासारखा.

आठवीत शाळा सोडून मी हिंगोलीकडून इथं मावशीकडे आले आणि मशीनवर बसले. जवळच्या एका शाळेत काम सुटल्यावर, आठ ते नऊ, कामगार मुलींसाठी दहावीचा वर्ग भरायचा. पण खोलीला आठ वाजताच कुलूप लावायचं ठरलं, आणि आमची सुट्टीच आठला. खोली गेली की दहावी गेली.

वर्गाच्या बाईंनी माझं नाव युवा विधानसभेत घातलं. अंबरनाथच्या एका सभागृहात मुलामुलींनी सदस्य होऊन बोलायचं आणि खऱ्या आमदारांनी समोर बसून ऐकायचं.

"मी कशी जाऊ, बाई? तिथं विद्यार्थी लागतात. मी तर शाळा सोडलेली."

"सोडली होतीस. इतके दिवस रोज रात्री माझ्यासमोर कोण बसायचं मग?"

सुट्टी मागितली तर कारखान्याचे सिंधी शेठ हसले. "जा बेटा. आमदार को बोलना, शेठ ने खुशी से छुट्टी दिया."

सभागृहात विधानसभेसारखी बाकं मांडली होती. पडद्यांतून झिरपणारा उजेड, पंख्यांची घरघर. माझं नाव पुकारलं तेव्हा मी उठले की तरंगले, कळलं नाही. आवाज मात्र निघाला. "अध्यक्ष महोदय, ज्या वेळी आमचं मशीन बंद होतं, त्याच वेळी आमच्या वर्गाला कुलूप लागतं."

धप्प. धप्प धप्प. आमदार बाकं वाजवत होते.

मी खाली बसले.

कारखान्यात मशीनच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. कुणाला थांबवायचं असलं की शिलाईवर नजर ठेवणारे मास्टर टेबलावर तळहात मारतात. थाप पडली की पायडलवरचा पाय उचलायचा. काहीतरी उलटं शिवलेलं असतं.

पुढच्या रांगेतल्या आमदारबाई वाकून बघायला लागल्या. "अगं, बसलीस काय? मागणी राहिली की."

"चुकलं ना काहीतरी, मॅडम? टेबल वाजवलंत."

सगळं सभागृह हसलं. त्याही हसल्या, पण डोळे माझ्यावरच ठेवून. "आमच्यात बरोबर बोललं की वाजवतात, बाळा. माझ्यासाठी वाजलं तर मी अजून तासभर बोलते."

"ते आम्ही भोगलंय," शेजारचे आमदार पुटपुटले.

मी पुन्हा उठले. खोली नऊपर्यंत उघडी ठेवा, एवढंच म्हणाले. आमदारबाईंनी विचारलं, किल्ली कुणाकडे असते? शिपाईकाकांकडे, मी सांगितलं, आणि त्यांना लांब वांगणीला घरी जायचं असतं, त्यांचाही दोष नाही.

"मग किल्ली तुमच्या बाईंकडे राहू दे. मी बोलते शाळेशी."

त्या बोलल्या. किल्ली आता बाईंच्या पर्समध्ये असते. आईला फोनवर हे सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "आमदारीणबाईला नमस्कार केलास का?" केला नव्हता. तो राहिलाच. मनातल्या मनात रोज करते.

हल्ली वर्गात कुणी उत्तर बरोबर दिलं की बाई मुद्दाम टेबलावर थाप मारतात. आम्ही सगळ्याजणी आधी पाय उचलतो, मग हसतो.