मठातली रोझा

एल्झाने संग्रहालयात राखणदारीची नोकरी धरली ती पोटासाठी, असं ती सगळ्यांना सांगायची. गेंट शहरातल्या कापडगिरण्या एकेक करून बंद पडत होत्या, त्यामुळे कुणाला ते खोटंही वाटलं नाही. पण शहराचा इतिहास मांडलेली ती इमारत पूर्वी नन्सचा मठ होती, आणि तिची थोरली बहीण रोझा तिथे बावीस वर्षं राहिली होती.

वडील देझिरे गिरणी कामगार, पक्के लाल बावट्यावाले. पाद्र्याचं नाव निघालं तरी जेवणावरून उठायचे. रोझा नन व्हायला निघाली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आजपासून मला एकच मुलगी." आई रडली, पण त्यांच्यापुढे कुणाचं काही चाललं नाही. भेटीगाठी बंद झाल्या. वडील गेल्यावर एल्झा एकदा मठाच्या दारापर्यंत गेली, घंटेच्या दोरीला हात लावला, आणि आता कुठल्या तोंडाने आत जाऊ, म्हणून परतली. पुढे नन्स दुसऱ्या गावी गेल्या. रोझा वारल्याचं तिला उडत उडत कळलं.

एका दुपारी चाकांच्या खुर्चीतून एक म्हातारी नन मठाच्या जुन्या जेवणघरात आली. एल्झा तिथेच पहाऱ्याला होती. तिने धीर करून विचारलं, "सिस्टर, रोझा... म्हणजे सिस्टर गोदेलीव्ह तुम्हाला आठवतात?"

"गिरणीवाल्याची पोर ना? अहो, चादरी धुताना कामगारांची गाणी म्हणायची! मोठ्या सिस्टर ओरडल्या की म्हणे, बाबांचं गाणं आहे, देवाला चालतं."

"घरच्यांबद्दल बोलायची?"

म्हातारीचं हसू मावळलं. "भेटीच्या दिवशी तोंड-हात धुऊन बाकावर बसून राहायची. कुणी यायचं नाही. उठताना म्हणायची, बाबांची आज सभा असेल. तुम्ही कोण तिच्या?"

"धाकटी बहीण."

म्हातारीने तिचा हात हातात घेतला. "फार उशीर केलास गं, पोरी."

वसंतात एल्झा बसने त्या दुसऱ्या गावी गेली. कबरस्तानात सगळे क्रूस सारखेच, पांढरे. एकावर गोदेलीव्ह असं मठात मिळालेलं नाव होतं; रोझा कुठेच नव्हतं. ओल्या गवतात बसून तिने आईच्या शेवटच्या आजारपणाचं सगळं सांगितलं. वडिलांचा विषय निघाला तेव्हा मात्र बराच वेळ ती त्या अक्षरांवरचं शेवाळ नखाने खरवडत राहिली.